न दिलेला आशीर्वाद

सीनेच्या काठी कवठेपिंपरी नावाचे लहानसे गाव होते. एका वर्षी चातुर्मासासाठी श्री दयाघन महाराजांनी तेथील महादेवाच्या देवळात मुक्काम केला. महाराज फार बोलत नसत. कोणी दर्शनाला आले की आधी त्याच्या तोंडाकडे नीट पाहत आणि मगच ‘बसा’ म्हणत. एवढ्यानेच कित्येकांचे डोळे भरून येत. आपल्याकडे असे नीट पाहणारे माणूस आयुष्यात किती जणांना भेटते!

देवळात रोज फुले घेऊन साळूबाई माळीण येई. गरीब बाई, अक्षरशत्रू. पायरीच्या कडेला बसून ती जप करी, पण तो जप म्हणजे गावाची करमणूक होती. एकदा ‘शिवा’ म्हणायची आणि गप्प व्हायची. पिंडीकडे पाहत बसायची. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा ‘शिवा’. तिची माळ कधी पुरी झालेली कोणी पाहिली नव्हती.

तिला सर्वांत जास्त हसत ते विसाजीपंत. पंत गावचे कर्मठ गृहस्थ. मुंज झाल्यापासून त्यांची संध्या चुकली नव्हती, रुद्र चुकला नव्हता, आणि त्यांचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे रोज सकाळी आईच्या पायांवर डोके ठेवल्याशिवाय त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांची वृद्ध आई म्हाळसाबाई ओसरीवर खांबाला टेकून बसलेली असे. तिला दिसतही बेताचेच. पंत वाकायचे, ती ‘औक्षवंत हो’ म्हणायची, पंत चालू लागायचे. तोंडात स्तोत्र चालूच असायचे. वाकताना ते थांबवण्याची त्यांना गरज पडत नसे. इतका सराव झाला होता!

एके दिवशी भर देवळात पंत म्हणाले, “साळू, तुझी एक माळ संपेपर्यंत कलियुग संपेल बघ.”

लोक हसले. महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारले, “साळूबाई, नाव घेऊन तुम्ही मध्येच थांबता का हो?”

साळूबाई गोंधळली. पदर सावरत म्हणाली, “म्हाराज, मला काय कळतंय? पर हाक मारली म्हंजी त्यानं वळून बघितलं का न्हाई, ते बघावं लागतंय न्हवं? हाक मारायची आन् फुडं चालू लागायचं, ते बरं दिसतंय व्हय?”

महाराजांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, “आज आमचा जप झाला.”

पंतांना हे चांगलेच झोंबले. “महाराज, आपण अज्ञानाचं कौतुक करता,” ते म्हणाले. “नेम म्हणजे नेम. माझा हात आपोआप माळेवर फिरतो, वाणी आपोआप चालते. झोपेतसुद्धा थांबत नाही.”

“झोपेत चालतो, हे तर दिसतंच आहे,” महाराज म्हणाले. पंतांनी ती स्तुतीच समजली. काय म्हणावे!

त्या दिवसांत पंतांच्या घरी मायलेकच होती. पंतांची पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती. आईचे ताट, आईचे दूध पंत वेळेवर तिच्याजवळ नेऊन ठेवीत. त्यात हयगय नव्हती. ठेवायचे आणि वळायचे, एवढेच. साळूबाई मात्र फुलांची परडी रिकामी झाली की त्यांच्या अंगणात पायरीशी टेकायची आणि आजींशी बोलत बसायची. घरात जायची तिला मुभा नव्हती, पण बोलण्याला कोण आडकाठी करणार?

आणि मग ती सकाळ उजाडली. पंत नेहमीप्रमाणे देवळात आले. साळूबाईची जागा रिकामी होती. पंत म्हणाले, “आज शिवाला सुट्टी दिलेली दिसते!”

महाराजांनी पंतांच्या तोंडाकडे पाहिले आणि पाहतच राहिले. मग विचारले, “पंत, घरी आई बऱ्या आहेत?”

“बरी आहे की. आत्ताच नमस्कार करून आलो.”

“काही म्हणाल्या?”

“औक्षवंत हो, म्हणाली. रोजच म्हणते.”

“तुम्ही ऐकलंत?”

“म्हणजे काय महाराज! या कानांनी ऐकलं.”

महाराजांनी समोरची पोथी मिटून बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्यात साळूबाई धावत आली. तिला धाप लागली होती, पदराचे भान नव्हते.

“पंत, घरी चला! आजींचं अंग गार पडाय लागलंय!”

“काय वेड लागलं का तुला?” पंत गरजले. “आत्ता तिनं मला आशीर्वाद दिला!”

साळूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “आशीर्वाद? अवो, आजींची वाचा काल सांजच्यालाच गेलीय. अंगावरनं वारं गेलंय त्येंच्या. मी सांगितलं की तुम्हास्नी. तुम्ही आत माळ वढीत बसला व्हता. मी अंगणातनं म्हनलं, आजींचं त्वांड वाकडं झालंया, बोलणं उमटंना, वैद्याला बलवा. तुम्ही ‘बरं बरं’ म्हनलात. म्हनून मी गेले वो! मला वाटलं, तुम्ही ऐकलं.” आणि ती कपाळावर हात मारून रडू लागली. “मी जायाच नगं व्हतं. मीच थांबाय पायजे व्हतं.”

पंतांना काही आठवेना. अंगणातून आलेला आवाज आठवेना, स्वतःचे ‘बरं बरं’ आठवेना. रात्री दुधाचा पेला ठेवला, तो आठवत होता. पण आठवत होता तो कालचा, परवाचा की वर्षापूर्वीचा? आणि सकाळचा तो आशीर्वाद! तो तर त्यांच्या कानात अजून घुमत होता. आई बोललीच नव्हती, तर बोलले कोण?

सगळे पंतांच्या घरी धावले, कोणी गावच्या वैद्यांना बोलावून आणले. म्हाळसाबाई खांबाला टेकून एका अंगाला कलल्या होत्या. शेजारी दुधाचा पेला तसाच होता, त्यावर झाकण होते. वैद्यांनी मनगट धरले, बराच वेळ धरून ठेवले आणि मान हलवली. “नाडी लागत नाही, पंत.” कोणी तुळशीपत्र आणायला गेले.

पंत आईच्या पायांवर कोसळले. याच पायांवर थोड्या वेळापूर्वी त्यांनी डोके ठेवले होते. पाय तेव्हाही गारच असणार, पण कपाळाला ते जाणवले नव्हते. “आई, एकदा बोल! एकदाच बोल गं!” असे म्हणत ते लहान मुलासारखे रडू लागले. ज्यांची त्यांनी थट्टा केली होती, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले.

महाराज पुढे झाले. ते जमिनीवर बसले, त्यांनी म्हातारीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी घरातल्या माणसासारखे म्हणाले, “माय, जरा थांबा. तुमचा विसू आत्ता कुठं घरी आलाय.”

सज्जनहो, पुढे जे झाले ते पाहणाऱ्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येईना. म्हाळसाबाईंच्या छातीत श्वास भरला. पापण्या हलल्या, वाकडे झालेले तोंड सरळ झाले. वैद्यांनी झटकन पुन्हा मनगट धरले. नाडी चालत होती! ‘महाराज, महाराज!’ करीत लोकांनी हात जोडले. महाराजांनी मात्र बोट ओठांवर ठेवून सर्वांना गप्प केले आणि पंतांना खूण केली, पायांशी नको, तोंडासमोर बसा.

पंत आईसमोर बसले. म्हातारीने हात पुढे करून लेकाचे तोंड चाचपले. कपाळ, डोळे, गाल. बोटे ओठांपाशी थांबली.

“विसू, अरे, दात कधी पडला तुझा?”

“झाली की वर्षं, आई.”

“बोलला नाहीस ते. दुखलं का रे फार?”

रोज आईच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या लेकाचे तोंड तिने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि लेकानेही तिचे पाहिले नव्हते. दोघांमध्ये रोजचा तो एक नमस्कार तेवढा होता.

तो सगळा दिवस पंत जागचे उठले नाहीत. त्यांनी आईला चमच्याने दूध पाजले. ती आठवेल ते बोलत होती. माहेरची विहीर, पंतांच्या वडिलांची खोकल्याची खोड, पंत लहान असताना अंगणात पडले होते ते. पंत ऐकत होते. मध्यान्हीची संध्या राहिली, सायंसंध्येची वेळ आली, त्यांच्या ध्यानातही आले नाही. दिवेलागणीला बोलता बोलता म्हाळसाबाईंनी लेकाच्या खांद्यावर मान टेकली आणि त्या शांतपणे गेल्या. महाराज अंगणात बसून होते. तेही दिवसभर उठले नव्हते.

सुतक फिटल्यावर पंत देवळात आले. चेहरा खंगला होता. महाराजांना म्हणाले, “महाराज, तुम्ही माझी आई मला परत दिलीत. पण एकच दिवस! आणखी थोडा दिला असता तर?”

महाराज म्हणाले, “पंत, तो एक दिवस मी देवापुढे पदर पसरून मागून आणला होता. बाकीचे न मागताच तुमच्या ओसरीवर बसून होते. ते आता मला आणता येत नाहीत हो!”

पंतांनी मान खाली घातली. ते महाराजांच्या पाया पडायला वाकले नाहीत. वळले आणि पायरीच्या कडेला गेले, जिथे साळूबाई परडी घेऊन बसली होती. सोवळे नेसलेले पंत तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती घाबरून मागे सरकली.

“साळूबाई,” पंत म्हणाले, “आई रोज तुमच्याशी बोलायची. काय बोलायची हो?”

आजवर ‘साळू’ म्हणणाऱ्या तोंडून ‘साळूबाई’ ऐकून ती बिचारी आणखीच संकोचली. परडीतली फुले उगाच सारखी करीत म्हणाली, “काय बोलायच्या? दुसरं काय असतंय वो त्येंच्याकडं! मलाच इच्यारायच्या. आज माझा विसू कसा दिसत व्हता? वाळलाय का? दमल्यावानी दिसतो का? मला दिसत न्हाई, तू बघून सांग, म्हनायच्या. म्हनून तर मी रोज तुमच्याकडं बघायची, पंत. जाऊन त्येंला सांगाय लागायचं.”

पंतांनी तिच्याकडे पाहिले. मग भर देवळात, सगळ्या गावासमोर, त्यांनी त्या माळिणीच्या पायांवर डोके ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.