दिवे लावलेली घरे

ही कथा मला गेल्या वर्षी १९ जानेवारीच्या दुपारी मिरजेतील निवृत्त ग्रंथपाल श्रीधर खांबेटे यांनी सांगितली. कथेतील शिष्य आपण स्वतःच, हे त्यांनी अगदी शेवटी सांगितले.

एकदा एक बांधकाम व्यावसायिक एका वृद्ध आचार्यांकडे आला. मंदीमुळे त्याची नऊ मजली इमारत रिकामी पडून होती. घरावर स्कूटर भेट, पाडव्याला सोन्याचे नाणे, सर्व करून झाले होते. शेवटी त्याने रिकाम्या घरांत सायंकाळी आपोआप लागणारे दिवे बसवले आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत घातले. कोणी विचारलेच, तर सगळे कामावर असतात असे सांगायला रखवालदाराला शिकवले. वस्ती दिसली की गिऱ्हाइकाला धीर येतो, असा त्याचा अनुभव होता. त्यावर चौथ्या मजल्याचे एक घर विकले गेले. पुढे काहीच नाही. आता आचार्यांनी तेथे आठ दिवस मुक्काम करावा, दर्शनाला येणारे लोक घरेही पाहतील, अशी त्याची विनंती होती.

आचार्यांनी होकार दिला. शिष्य खिन्न झाला.

पहिल्याच सायंकाळी आचार्य व्यावसायिकाला म्हणाले, "दूध कोमट झालंय. शेजारून चमचाभर विरजण आणा."

"महाराज, डेअरीतून दहीच मागवतो की. किलोभर."

"शेजारून."

शिष्याला त्यांनी सोबत धाडले. वाटेतले एकही दार न ठोठावता व्यावसायिक सरळ चौथ्या मजल्यावर गेला.

दार एका निवृत्त परिचारिकेने उघडले. तिने वाटीभर विरजण दिले आणि चहाचा आग्रह धरला. दीड वर्षात तिच्या दारी शेजारी म्हणून आलेले ते पहिलेच होते. संक्रांतीला ती दारोदार तिळगूळ घेऊन गेली होती. आत दिवे होते, पण कोणी दार उघडले नव्हते.

"मी क्षयाच्या दवाखान्यात नोकरी केली ना," ती म्हणाली. "कळलं असेल सगळ्यांना. त्यांचं तरी काय चुकलं? घरात लहान मुलं असतील. मी आता लिफ्टसुद्धा वापरत नाही, जिन्यानेच येते-जाते."

व्यावसायिक वाटी घेऊन परतला. शिष्याने घडलेले सांगितले.

आचार्य म्हणाले, "रिकामं घर कोणाचा अपमान करत नाही. दिवा लावून दार न उघडणारं घर करतं. स्कूटर दिली असतीत, तर ती दारात उभी राहिली असती. तुम्ही त्या बाईंना शेजार दिलात, आणि तो रोज त्यांना नाकारतो आहे."

"खरं सांगितलं, तर त्या घर सोडतील. गावभर होईल. मी बुडेन, महाराज."

आचार्य त्याच सायंकाळी शिष्यासह परतले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला खांबेटे मुद्दाम त्या रस्त्याने गेले. सर्व इमारत काळोखात होती. चौथ्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली होती. व्यावसायिकाने दिवे काढले, एवढे निश्चित. मात्र त्याने तिला खरे कारण सांगितले, का ते न कळल्याने आपल्यामुळेच सर्व बिऱ्हाडे निघून गेली असे ती समजली, याची खातरजमा खांबेट्यांना करता आली नाही. ही कथा ऐकल्यावर मी तेथे गेलो तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या त्या दाराला कुलूप होते.