बांधलेली

"आणि हा एक शब्द मी म्हटलाच नाही तर?"

ब्रिजिताने विचारलं आणि वही फटकन मिटली.

फादर ज्योकीमनी सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. वसईतल्या त्यांच्या ओटीवर ती दोन वर्षं त्यांच्याकडे पोर्तुगीज शिकत होती. लिस्बनच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. 'भाषा पूर्ण शिकली' असा फादरांच्या सहीचा दाखला आज गेला नाही, तर ती जागा जाणार होती.

"बाय, अख्खी भाषा गिळलीस, आणि आभार मानताना घास अडकला?"

"अडकला नाही, मीच थुंकून टाकला. ओब्रिगादा म्हणजे काय, फादर? बांधलेली! मी तुमची बांधलेली, असं मी माझ्या तोंडानं म्हणू?"

"लोक सहज म्हणतात गं."

"म्हणोत. मामांनी सायकल दिली, तेव्हापासून कुठे जाते ते त्यांना सांगूनच निघायचं. मावशीनं कॉलेजात घातलं, आता नवराही तीच शोधतेय. कुणी काही दिलं की मागोमाग दोरी आलीच. त्या दोऱ्या तोडूनच मी लिस्बनला चाललेय. जाता जाता नवी बांधून घेणार नाही."

"मग एक शब्द वगळून 'पूर्ण शिकली' असं कसं लिहू मी?"

"बघा! तुमच्या सहीलाही दोरी आहेच."

फादरांनी दाखला पुढे ओढला.

मग टेबलावर हात चाचपडत म्हणाले, "चष्मा..."

तिने रागारागातच कपाटावरचा चष्मा आणून त्यांच्या हातात कोंबला.

"ओब्रिगादो," ते सवयीने पुटपुटले, आणि त्यांनी सही ठोकली. "घे. शब्द राहू दे. बरोबर बोललीस तू."

तिने कागद घेतला.

"ओब्रिगादो," ती म्हणाली...

आणि तिने जीभ चावली.

फादर खो खो हसत सुटले. "चुकलीस! ओब्रिगादो, म्हणजे बांधलेला, हे पुरुषानं म्हणायचं. दोन वर्षांत असली चूक तू कधी केली नाहीस!"

"हसू नका. मी तो शब्द शिकलेच नाही. तुमच्या तोंडचा जसाच्या तसा आला. काठी दिली की म्हणता, पाणी दिलं की म्हणता, खिडकी उघडली तरी..."

ती मध्येच थांबली.

"फादर... म्हणजे दोन वर्षं तुमची दोरी माझ्या हातात होती?"

"होती की."

"मग मला कशी कळली नाही?"

फादरांनी पेनाचं टोपण लावलं.

"तू ओढलीच नाहीस ना, बाय."