बिब्ब्याची खूण

कडवळ गावच्या नदीघाटावर उपरण्याने तोंड झाकलेल्या एका पुरुषाने भिवरा परटिणीच्या सुनेवर हात टाकला. सून झटापट करून सुटली. पण त्या दिवसापासून घाटावर जाण्यास एकही बाई धजेना.

देवळात गाव जमले. गणोजी पाटलांनी निवाडा दिला, "आजपासून बायकांनी नदीवर जायचं नाही. तोंड झाकलेला माणूस ओळखायचा कोणी?"

भिवरा उठली. तिचे खोपट पाटलांच्याच जागेत होते. तिने देवाकडे पाहिले आणि पदराखालून एक उपरणे काढले.

"मालक, झटापटीत हे सुनेच्या हाती आलं. कोपऱ्यात बिब्ब्याच्या, धुऊनही न जाणाऱ्या रसाचे तीन ठिपके आहेत. कपडे मिसळू नयेत म्हणून मी घरोघरची वेगळी खूण घालते."

"मग घे नाव!" पाटील गरजले. "पण खोटी ठरलीस तर खोपट उठवीन."

 तरी भिवरा म्हणाली, "नाव मी घेत नाही, मालक. आपल्या खांद्यावरचं उपरणंही मीच धुतलं आहे. त्याचा कोपरा तेवढा गावाला दाखवा."

पाटलांनी कोपरा उलटला. तेच तीन ठिपके! खांबाआड उभा असलेला, त्यांच्याच घरात राहणारा पुतण्या दाराकडे सटकू लागला, तसे लोकांनी त्याला धरले.

पाटलांनी खालच्या आवाजात विचारले, "आता काय करू, भिवरा?"

"नदी मोकळी करा, मालक. बांधायचं तर त्याला बांधा."

पाटलांनी देवासमोर होकार दिला. त्याच दुपारी पुतण्या फौजदाराच्या हवाली झाला आणि बायका घाटावर गेल्या.