बर्नर गप्प करणारा जावई

एका गावात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, एक भोळा घरजावई राहत होता. नाव लिंबाजी. सांगितलेलं काम मनापासून करायचा. इतकं मनापासून, की लोक त्याला काम सांगायला भ्यायचे.

सासरे गंगाराम हे वाफेच्या इंजिनाचे जुने ड्रायव्हर. म्हातारपणी त्यांनी पितळेचं हातभर इंजिन बनवलं. पोटात पाणी, खाली गॅसचा बर्नर, अंगणात गोल रूळ. हा सगळा खटाटोप नूरभाईंसाठी. जन्मभर गंगारामांच्या इंजिनात कोळसा टाकलेले नूरभाई आता कायमचे लेकीकडे निघाले होते. जाण्याआधी दोघांनी शेजारी बसून एकदा ती छुकछुक ऐकायची, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. पण बर्नर असा घोंघावायचा की छुकछुक कानावर येईना.

"जावईबापू, तेवढा बर्नर गप्प करा बघू," सासरे म्हणाले.

लिंबाजीनं गॅसची चावी बंद केली. बर्नर गप्प झाला. मग इंजिनही गप्प झालं.

सासऱ्यांनी हळूच समजावलं, की आवाज झाला म्हणून बंद करायचं नसतं, भोक झाकायचं असतं. त्यांनी बर्नरच्या मानेवरचं हवेचं भोक अर्धं झाकून दाखवलं. बर्नर मांजरासारखा नुसता गुरगुरू लागला. लिंबाजीला फार आवडलं.

तेवढ्यात इंजिनाच्या पाठीवरून जादा वाफ फुसफुसत निघाली. तिथंही भोक होतं. लिंबाजीनं चिंधी कोंबली, वर वरवंटा ठेवला. थोड्या वेळानं चिंधी सासऱ्यांच्या टोपीसकट शेजाऱ्यांच्या कौलांवर गेली. वरवंटा शेवग्याखाली सापडला.

"अहो, कोंडू नये कुणाला," सासरे म्हणाले. "बाहेरची वाट करून द्यावी."

दुपारी खुराड्यात कोंबड्या कलकलल्या. लिंबाजीनं दार उघडून त्यांना बाहेरची वाट करून दिली. त्याची बायको शेवंता दिवस मावळेपर्यंत गावभर कोंबड्या गोळा करत फिरली.

"अहो, बाहेर काढलंत तर सोबत तरी जायचं," ती म्हणाली. "घरी नीट पोचवायचं, मगच परतायचं."

हेही त्याला पटलं.

नूरभाई यायचा दिवस उजाडला. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला, रूळ पुसले, बर्नर पेटवला. लिंबाजीला अंगणाच्या फाटकात बसवून सांगितलं, की आज आत कसलाही आवाज होऊ द्यायचा नाही.

नूरभाई ट्रंक घेऊन आले. इंजिनावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच.

"अरे गंग्या! आलो रे!"

लिंबाजी हात जोडून पुढं झाला. आज इथं आवाज चालणार नाही, असं त्यानं अदबीनं सांगितलं.

नूरभाईंचा चेहरा उतरला. "गंगाराम असं म्हणाला?"

"हो," लिंबाजी म्हणाला. आणि ते खरंच होतं.

वाफेच्या फुसफुसाटात सासऱ्यांना ती हाक ऐकूच गेली नाही. ते आत पाणी घालत राहिले, वाफ राखत राहिले. गॅस संपला तसं इंजिन निवलं. तरी ते तिथंच बसून राहिले.

लिंबाजी दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. पाय धुळीनं भरलेले, तोंडावर समाधान.

सासऱ्यांनी मान वर केली. "नूरभाईंचा काही निरोप?"

"ते आले होते की, मामा. फार मोठ्यानं बोलतात. पण मी त्यांना कोंडलं नाही हं. ट्रंक उचलली, एसटीत सोबत बसलो, थेट लेकीच्या दारात पोचवूनच आलो." लिंबाजी अंगणात मांडी घालून बसला. "लावा आता इंजिन. कुणी मध्ये बोलणार नाही."