न्यायाच्या दिवसानंतरचा सोमवार

फार मागची गोष्ट. डोंगराच्या उतारावर ख्रिस्ती लोकांचं एक लहानसं गाव होतं. गावात दगडी चर्च होतं, पिठाची चक्की होती, आणि शेजारी राहून एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या दोन जावा होत्या.

थोरली सगुणाबाई. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. जीभ तिखट, पण हाताला चव. धाकटी एस्तेर. तिला पोरं होती आणि एक शेळी होती. भांडण शेळीवरूनच झालं. नाताळच्या तोंडावर सगुणाबाईनं हौसेनं लावलेला मेथीचा वाफा शेळीनं एका सकाळी फस्त केला. शब्दानं शब्द वाढला, मेथीवरून गोष्ट माहेरापर्यंत गेली, आणि सगुणाबाईनं गवंडी बोलावून अंगणात भिंत घातली. विहीर तिच्या बाजूला राहिली. एस्तेर खालच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली. एस्तेरचा नवरा, म्हणजे सगुणाबाईचा दीर, अगदी गरीब गाय. दोघींपुढे तो बोलत नसे.

दर रविवारी दोघी चर्चला जात. एक या टोकाला बसे, दुसरी त्या टोकाला. क्षमेची प्रार्थना मात्र दोघीही खणखणीत आवाजात म्हणत.

एकदा गावात एक फिरता उपदेशक आला. लांब दाढी, गळ्यात डफ. चावडीपुढे उभा राहून त्यानं सांगितलं, "येत्या रविवारी सूर्य मावळायच्या आत प्रभू न्याय करायला येणार. ज्याचं मन स्वच्छ नाही त्याचं काही खरं नाही."

गावचे म्हातारे पाळकसाहेब म्हणाले, "बाबांनो, तो दिवस कुणालाच सांगितलेला नाही." पण डफाच्या आवाजापुढे त्यांचा आवाज कुठे पोचणार?

गावाची झोप उडाली. चक्कीवाला दळणामागे मूठभर पीठ काढून ठेवायचा, तो घरोघर पिठाच्या पिशव्या पोचवू लागला. सुतारानं शेजाऱ्याचा कोंबडा परत केला. कोंबडा हरवला तेव्हा कोल्ह्यानं नेला म्हणून सर्वांत मोठ्यानं हळहळला होता तो सुतारच. वर्षानुवर्षं अबोला धरलेली माणसं रस्त्यात गळ्यात गळे घालून रडू लागली.

सगुणाबाईनं शनिवारी पहार उचलली आणि भिंतीवर घाव घातला. पलीकडून एस्तेर धावत आली.

"काय करताय जाऊबाई?"

"भिंत पाडतेय. उद्या प्रभूनं विचारलं, तुझ्या विहिरीचं पाणी कुणाकुणाला दिलंस, तर काय सांगू? बघत काय उभी राहिलीस? कळशी आण."

भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. एस्तेर त्यातून आत आली, विहिरीपाशी गेली आणि पाणी शेंदता शेंदता रडू लागली. सगुणाबाईलाही रडू आलं. आपण आता अगदी चांगल्या झालो, असं तिला वाटलं.

रविवारी उपासना संपवून सगळं गाव पांढरे कपडे घालून डोंगरमाथ्यावर जाऊन बसलं. लोकांनी गीतं म्हटली, आकाशाकडे बघून मान अवघडून घेतली. सूर्य मावळला. चिलटं चावू लागली, पोरं भुकेनं कुरकुरू लागली. उपदेशक म्हणाला की मोजण्यात काहीतरी चूक झाली असावी, आणि पलीकडच्या वाटेनं पुढच्या गावाला निघून गेला.

सोमवारी गाव जागं झालं ते जरा ओशाळलेलंच. न्याहारी होईपर्यंत मात्र ओशाळेपणा ओसरला. चक्कीवाला म्हणाला, "घाईत पीठ जरा जास्तच गेलं," आणि पिशव्या परत मागत फिरू लागला. सुतार कोंबड्याच्या मालकाला म्हणाला, "मी त्याला इतके दिवस दाणे घातले, त्याचं काय?" आणि कोंबडा पुन्हा घेऊन गेला. गळ्यात पडलेले लोक पुन्हा रस्त्याच्या दोन बाजूंनी चालू लागले.

सगुणाबाई अंगणात आली तेव्हा विहिरीभोवती चिखल झाला होता. एस्तेरची पोरं सकाळीच पाण्यात खेळून गेली होती. आणि भगदाडातून आलेली शेळी निवांत उभी राहून पुदिना खात होती. सगुणाबाईच्या कपाळाची शीर उठली. तेवढ्यात गवंडी आला.

"बाई, परवा ज्यांनी ज्यांनी भिंती फोडल्या, त्या सगळ्यांच्या आज नीट करून देतोय. तुमचंही भगदाड बुजवू का? माती कालवलेलीच आहे."

'बुजव' हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. शनिवारचे अश्रू आठवून तिनं तो गिळला. "दुपारी ये," म्हणाली आणि तडक पाळकसाहेबांकडे गेली.

पाळकसाहेब ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. तिनं शेळी, चिखल, पुदिना सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, खरं सांगा. मी भिंत फोडली ती भीतीनं. तो दिवस तर आलाच नाही. मग आता ती फोडणं धरायचं का नाही?"

"सुरुवात म्हणून धरू," पाळकसाहेब म्हणाले. "झोपलेल्या माणसाला भीतीनं जाग येते, सगुणाबाई. पण भीतीवर माणूस किती दिवस जागा राहणार? परवा तू प्रभूला दाखवायला भिंत फोडलीस. आज तो बघत नाहीये असं वाटतंय तुला?"

सगुणाबाईनं पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"तो दिवस येणार, यात मला शंका नाही. कधी, ते त्याचं तो जाणे. आला तर सोमवारीही येईल, तू पुदिन्यावरून चिडलेली असतानाच. तेव्हा सोमवारचं बघ. रविवारी सगळेच चांगले असतात."

परत येताना सगुणाबाई रस्ताभर स्वतःशी भांडत होती. पुदिना तिचाच होता, चिखल तिलाच काढायचा होता, हे खोटं थोडंच होतं? अंगणात पाऊल टाकलं तर भगदाडाच्या पलीकडे एस्तेर कळशी घेऊन उभी. शेळी खुंट्याला आखूड दाव्यानं बांधलेली. एस्तेर आत आली नव्हती.

"जाऊबाई, गवंडी दिसला मला," ती खाली बघत म्हणाली. "बुजवायचं असेल तर बुजवा. मला राग नाही. तेवढी आजची कळशी भरून घेऊ का?"

तिच्या डोक्यावर चुंबळीच्या जागचे केस विरळ झालेले सगुणाबाईला आज पहिल्यांदाच दिसले. ओढ्याची चढण रोज कळशी डोक्यावर घेऊन चढून चढून झालेले. आपण रोज चुलीशी बसून भाकरीला पाणी लावत होतो तेव्हा ही चढण चढत होती, असं तिच्या मनात आलं, आणि तिचं स्वतःशी चाललेलं भांडण मिटलं.

गवंडी घमेलं घेऊन आला होता. सगुणाबाई त्याला म्हणाली, "कडा नीट लिंपून घे. आणि सुताराला सांग, मला एक बुटकं फाटक हवं. शेळी अडली पाहिजे, माणूस अडता कामा नये."

"आणि भिंत?"

"भिंतीचं नंतर बघू. आधी हिला पाणी भरू दे."

पुढचे दिवस काही गुळासारखे गोड गेले नाहीत. पोरं चिखल करत, सगुणाबाई ओरडे, एस्तेरही फणकारे. पण दिवेलागणीला कुणीतरी एक जण फाटकातून कालवणाची वाटी घेऊन येई आणि बोलणं पुन्हा सुरू होई. कधी सगुणाबाई पहिल्यांदा जाई, कधी एस्तेर. हळूहळू चर्चमध्येही दोघी एका बाकावर बसू लागल्या. आता क्षमेची प्रार्थना सगुणाबाई पूर्वीपेक्षा हळू म्हणे, पण तिला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येई.

बऱ्याच काळानं गावात दुसरा एक उपदेशक आला. त्यानंही छातीठोक सांगितलं की येत्या रविवारीच न्याय. गावात पुन्हा तीच पळापळ. पिठाच्या पिशव्या पुन्हा निघाल्या. सुतार पुन्हा कोंबडा काखेत मारून शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला.

एस्तेर घाबरी होऊन आली. "जाऊबाई, आपण काय करायचं? कुणाचं काय द्यायचं राहिलंय का?"

सगुणाबाई विचारात पडली. "सकाळी तुला आळशी म्हणाले, ते मागे घेते. आणखी काही आठवत नाही."

"मी मनात तुम्हाला खाष्ट म्हणाले होते."

"ते खरंच आहे, ते राहू दे," सगुणाबाई म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

रविवारी उपासना झाल्यावर गाव डोंगरावर गेलं. सगुणाबाई गेली नाही. तिनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि लग्नातलं मोठं पातेलं चढवलं.

"एवढी डाळ कुणाला?" एस्तेरनं विचारलं.

"मागच्या खेपेला पोरं कशी भुकेली उतरली होती, आठवतं ना? आणि आज प्रभू आलाच, तर त्याला काय उपाशी पाठवायचं?"

एस्तेरनं पदर खोचला आणि भाकरी थापायला बसली. दिरानं लाकडं फोडली. पाळकसाहेब कांदे चिरायला आले आणि कांद्याच्या निमित्तानं मनसोक्त रडले.

अंधारू लागलं तशी माणसं डोंगरावरून उतरू लागली. खांद्यावर झोपलेली पोरं, पायांत गोळे, चेहरे पडलेले. अंगणात गरम डाळीचा वास होता. आधी पोरं बसली, मग बाया, मग संकोचत सुतार आणि चक्कीवाला. चक्कीवाल्यानं दुसरी भाकरी घेताना विचारलं, "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटली? दिवसभर आम्ही सूर्याकडे बघून थरथरत होतो."

सगुणाबाईचा पळीचा हात थांबला. तिनं पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे चांदण्या निघाल्या होत्या. सूर्य कधी मावळला, ते तिला कळलंच नव्हतं.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: प्रभूच्या दिवसाची तयारी एका दिवसात होत नाही. जो रोजचा दिवस त्याच्यासमोर असल्यासारखा जगतो, त्याला शेवटच्या दिवसाची धास्ती उरत नाही.