उपाशी गिधाडाची मोहीम

डोंगराच्या पायथ्याला सावरखिंड नावाचं गाव होतं आणि त्या गावात बैलांचं औषध विकणारे एक शेठ राहत होते. नाव त्र्यंबकशेठ. त्यांचं औषध गुणाला फार चांगलं. लंगडणाऱ्या बैलाला सकाळी पाजावं आणि दुपारी त्याने आपण होऊन जुवाखाली मान द्यावी. डब्यावर एका रोडक्या गिधाडाचं चित्र असे आणि खाली लिहिलेलं असे, ‘गुरं जगवा, गिधाडं उपाशी ठेवा.’ पंचक्रोशीत त्या औषधाला सगळे ‘उपाशी गिधाड’ म्हणत.

आता गंमत बघा. गावामागच्या कड्यावर खरीखुरी गिधाडं राहत होती. दिसायला कुरूप, पण कामाला चोख. मेलेलं जनावर माळावर टाकलं की संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरत. ना घाण, ना रोगराई. पण त्यांचं कुणी कौतुक केलं नाही. गिधाड ही आपल्याकडे शिवी आहे आणि शिवीचं कौतुक कोण करणार?

पुढे तो कडा हळूहळू ओस पडू लागला. माळावर मेलेली गुरं सडू लागली, कुत्री माजली, शेवटी लोक जनावरं पुरू लागले. बाजारात थट्टा सुरू झाली. “काय शेठ, तुमची गिधाडं खरंच उपाशी मेली की!” बोलणारा हसून पुढे जाई. शेठ मात्र दुकानात येरझारा घालत राहत. माणूस मनाचा वाईट नव्हता. रिकामा कडा पाहून त्यांना खरंच हळहळ वाटे.

एके दिवशी ते आपल्या कारभाऱ्याला म्हणाले, “दामोदरपंत, काहीतरी केलं पाहिजे.”

पंतांचं डोकं भारी सुपीक. ते म्हणाले, “मोहीम काढू. गिधाडं वाचतील आणि पेढीचं नावही होईल.”

“नावाचं नंतर बघू,” शेठ म्हणाले. पण ऐकायला त्यांना बरं वाटलं.

मग काय विचारता! भिंतीभिंतीवर गिधाडं रंगवली. पिवळ्या टोप्या वाटल्या. हलगीवाले आले, लेझीम आली. ज्या पाखराचं नाव काढलं की लोक थुंकत, त्याच्या नावाने लोक नाचू लागले. आणि खोटं कशाला बोला, लोकांची मनं खरंच पालटली. कड्याचा दगड फोडणाऱ्यांना गावाने आपण होऊन हटकलं. पंतांनी दवंडी पिटवली की गिधाडं भुकेली आहेत, मेलेलं जनावर पुरू नका, कड्याखाली आणून ठेवा. लोकांनी तेही ऐकलं.

त्या मुलखात एक रीत होती. बैल जन्मभर राबतो, तेव्हा जाताना त्याला कळ सोसू द्यायची नाही. तो आता उठत नाही हे दिसत असलं तरी घरची बाई त्याला शेवटच्या दिवसापर्यंत औषध पाजायची. औषध अर्थातच त्र्यंबकशेठचं.

मोहिमेतला पहिला बैल कड्याखाली आला तो गजराबाईचा ढवळ्या. तिने तो रडत रडत आणून ठेवला. शेठ मुद्दाम बघायला गेले होते. आभाळातून गिधाडं उतरली तेव्हा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. पण थोड्याच दिवसांत तीच गिधाडं माना खाली घालून फांद्यांवर बसलेली दिसली. मग एकेक करून खाली पडली. साथ आली असेल, असं शेठनी मनाला समजावलं.

त्यानंतर भिकोबाचा बैल आला. तो खाऊन गिधाडं उडाली, घिरट्या घालत राहिली, कड्यावर परतली. एकही पडलं नाही.

शेठच्या जिवाला घोर लागला. ते गजराबाईच्या घरी गेले. “बाई, ढवळ्याला काय झालं होतं?”

“काय व्हायचंय, शेठ? म्हातारा झाला हुता. पर तुमच्या औषधानं त्येला कळ न्हाई सोसाया लागली. मेला त्या दिवशीबी पाजलं हुतं.”

तिथून ते भिकोबाकडे गेले.

“ईज पडली, शेठ,” भिकोबा म्हणाला. “तरणाबांड बैल. औषधाचा थेंब न्हाई कधी लागला त्येला.”

शेठ घरी आले. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं ते सुचेना. पुढेही कड्याखाली बैल येत राहिले आणि दर वेळी तेच घडत गेलं. औषध प्यालेला बैल खाल्ला की गिधाडं पडत. म्हणजे ही मोहीम गिधाडांना जेवायला बोलावून विष वाढत होती. शेवटी त्यांनी पंतांना सगळं सांगितलं.

पंत म्हणाले, “शेठ, झाकली मूठ सव्वा लाखाची. यात्रा तोंडावर आली आहे. हलगीवाले वाढवू. लोक टोप्यांकडे बघतील, मेलेल्या पाखरांकडे कोण बघतंय?”

आणि शेठ गप्प बसले! राग येतो, पण खरं तेच सांगायला हवं. वाडवडिलांचा धंदा होता, शंभर घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या, आणि औषधाने बैलाची कळ थांबत होती हेही खोटं नव्हतं. माणसाला गप्प बसायला कारणं हवी असली की ती ढिगाने मिळतात. पण हलगी वाजली की शेठ आता कानांवर हात ठेवत, आणि कड्याकडची खिडकी त्यांनी बंद करून टाकली होती.

यात्रेच्या दिवशी बैलबाजार भरला. मैदान पिवळ्या टोप्यांनी फुलून गेलं. शेठ भाषणाला उभे राहिले तेवढ्यात गर्दीतून गजराबाई उठली.

“शेठ, एक इचारू? आमी तुमचं समदं ऐकलं. माझा ढवळ्या म्या पुरला न्हाई, काळजावर दगड ठिवून कड्याखाली ठिवला. तरी गिधाडं मरत्यात. आमचं कुटं चुकतंय ते सांगा. तुमी म्हनशिला ते करू.”

पंत मागून कुजबुजले, “देवाची करणी म्हणा, शेठ.”

तेवढं म्हटलं असतं तर सुटले असते. शेठनी तोंडही उघडलं. पण समोर ती बाई खरोखर उत्तराची वाट पाहत उभी होती. तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेशही नव्हता आणि शेठना तेच सोसेना.

“बाई, तुमचं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “माझं औषध प्यालेला बैल खाल्ला की गिधाड मरतं. मला हे केव्हाच कळलं होतं. मी लपवलं.”

गजराबाई ओरडली, “म्हंजी माझ्या ढवळ्याचं तुमी इख केलंत! जलमभर राबला त्यो, आन् मेल्यावर त्येच्या अंगाचं इख केलंत!”

लोकांनी टोप्या भिरकावल्या. एक शेठच्या तोंडावर येऊन आदळली. ते जागचे हलले नाहीत.

“आजपासून औषध बंद,” ते म्हणाले. “घरात असेल तेवढं परत आणून द्या. हलगी मात्र बंद करू नका. उद्यापासून ती गावोगाव हेच सांगेल आणि तिच्यापुढे मी चालेन.”

पंतांनी त्याच दिवशी नोकरी सोडली. पेढी बसली. शेठ मात्र हलगीपुढे चालत राहिले. आवाज ओळखीचा, त्यामुळे लोक जमत. जमले की शिव्या देत. “आमचे बैल लंगडतात, त्याचं काय?” असं विचारत. शेठजवळ गोड उत्तर नव्हतं. “एरंडाच्या पानांनी शेका, कामाला जुंपू नका. वेळ लागेल,” एवढंच ते सांगत. काहींनी ऐकलं, काहींनी कुत्री अंगावर सोडली. ते पुन्हा त्याच गावी जात.

दोन पावसाळे गेले. कड्यावर बोटांवर मोजण्याइतकी गिधाडं उरली होती. एका सकाळी गजराबाई गाडीत आपला दुसरा, मेलेला बैल घालून कड्याखाली आली. शेठ तिथेच उभे होते. यात्रेनंतर ती त्यांच्याशी बोललेली नव्हती.

“ह्येला नुसतं शेकलं,” ती म्हणाली. “लई कळ सोसली त्येनं. रातभर कण्हत हुता. तुमास्नी ठावं असावं म्हून सांगते.”

शेठनी मान खाली घातली.

गिधाडं उतरली, पोटभर जेवली, झाडांवर जाऊन बसली. दोघंही त्यानंतर रोज कड्याखाली येत राहिली. ती लांब एका दगडावर बसे आणि शेठ येरझारा घालत. एखाद्या पाखराने मान जरा खाली केली की ते जागीच थांबत. असं करता करता एके दिवशी ऊन चढलं, वारा सुटला आणि झाडांवरची सगळी गिधाडं एकामागून एक उडाली. गजराबाईने पदराने डोळे पुसले आणि ती म्हणाली, “बसा की आता, शेठ.”

तात्पर्य: लोकांना जागं करणारी हलगी कामाचीच असते, पण ज्याच्या हातून जीव जातात त्याने आधी आपला हात आवरावा, मगच ती वाजवावी.