तानूआत्यांचा 'द'

एका तालुक्याच्या गावी संध्याकाळी शाळेतच मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरे. नवऱ्यामागं एकट्या पडलेल्या तानूआत्या तिथं न चुकता जात. वझे सर म्हणजे ताठ माणूस, चुकेल त्याला सरळ घरी धाडत.

एकदा आत्या म्हणाल्या, "आय गो टु द स्कूल."

सर फणकारले, "आत्याबाई, शिकायला जाणाऱ्याच्या शाळेला 'द' लागत नाही. दुसऱ्या कामाला गेलं तरच लागतो, किती वेळा सांगायचं? उद्यापासून येऊ नका."

आत्यांची जीभ मात्र शाबूत होती.

"मग बरोबरच बोलले की, सर. मी कुठं शिकायला येते? घरी भिंती बोलत नाहीत. इथं बोलणी खायला का होईना, माणूस बोलतं माझ्याशी."

सरांनी खडू ठेवला. म्हणाले, "उद्या थोड्या लवकर या."